३.४ ते ०.४: घरच्या पाण्यातलं फ्लोराइड काढताना

मुलीचे वरचे पुढचे दोन पक्के दात आले, तेव्हा मला वाटलं दूध पिऊन तिने तोंड धुतलं नसेल. दातांवर खडूने ओढावेत तसे पांढरे आडवे पट्टे होते. दोन दिवस मी तिला पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या, ब्रशने घासून पाहिलं. पट्टे तिथेच. शेवटी ६ जानेवारीला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरशाने दात पाहिले आणि विचारलं, "पिण्याचं पाणी कुठलं?"

"बोअरचं."

"कधीपासून?"

ती वर्षाची असताना आम्ही या घरात राहायला आलो. आता ती साडेसात वर्षांची आहे. डॉक्टरांनी सांगितलं की पक्क्या दातांचं वरचं आवरण हिरडीखाली लहानपणीच घडत असतं. त्या वर्षांत पोटात जास्त फ्लोराइड गेलं तर ते आवरण नीट भरत नाही. दात बाहेर येतो तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तिचे डाग सौम्य आहेत, दात किडलेले नाहीत, पुढे वाटलं तर वरून उपचार करता येतील. "पण धाकटा किती वर्षांचा?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांचा. "मग पाणी तपासून घ्या. लवकर."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा वर्षं मीच पेल्याने पाणी पाजलं होतं. आमचं पाणी स्वच्छ दिसतं, चवीला गोड लागतं, पाहुणे कौतुक करतात. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पुढे वाचताना कळलं की अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावातल्या मुलांच्या दातांवरच्या डागांचं कोडं मॅके नावाच्या दंतवैद्याने १९०१ पासून मनावर घेतलं होतं, आणि त्यामागे पाण्यातलं फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये सिद्ध झालं. तज्ज्ञांना तीस वर्षं लागली. हे वाचून अपराधीपण गेलं नाही, पण थोडं हलकं झालं.

१३ जानेवारीला पाण्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि तसाच परत आणला. मी काचेची बाटली उकळून, वाळवून, मोठ्या काळजीने भरली होती. खिडकीवरच्या बाईंनी बाटली पाहूनच मान हलवली. फ्लोराइडसाठी प्लास्टिकची बाटली लागते, काचेची चालत नाही. अर्जावर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, बोअरची खोली, पंप किती वेळ चालवला, पाण्यावर आधी काही प्रक्रिया केली का, असे रकाने होते. मला बोअरची खोलीसुद्धा माहीत नव्हती. घर विकणाऱ्यांना फोन करून विचारली. तुम्ही जाणार असाल तर या गोष्टी घरूनच लिहून न्या. पंप दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपातलं शिळं पाणी निघून जातं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग काठोकाठ भरा.

१४ तारखेला नमुना दिला. "सात दिवस" म्हणाले, अहवाल २७ जानेवारीला हातात आला. फ्लोराइड: लिटरला ३.४ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १.५ आहे. भारतीय मानकात १.० ही हवीशी मर्यादा आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आम्ही दुपटीच्याही वर होतो.

इथे मी एक चूक केली होती, ती मुद्दाम सांगते. खर्च वाचवायला अर्जात फक्त फ्लोराइड आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) या दोनच तपासण्यांवर खूण केली. पुढे प्रत्येक उपाय वाचताना "तुमच्या पाण्याची क्षारता किती?" हा प्रश्न आडवा आला. क्षारता म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. तेवढ्यासाठी पुन्हा नमुना, पुन्हा अर्ज, पुन्हा आठ दिवस. सुट्या सुट्या तपासण्यांचे पैसेही एकत्र तपासणीपेक्षा जास्तच गेले. पहिल्याच फेरीत फ्लोराइड, क्षारता, कठीणपणा, सामू (पीएच) आणि टीडीएस मागून घ्या. आमची क्षारता लिटरला ४२० मिलिग्रॅम निघाली, कठीणपणा १४०, सामू ७.९. हे आकडे पाहून तिथले रसायनतज्ज्ञ म्हणाले, हे अगदी ठरलेलं चित्र आहे. फ्लोराइड असलेल्या खडकात पाणी खोलवर वर्षानुवर्षं मुरतं. त्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं तर फ्लोराइडचा बराच भाग त्याच्याशी बांधला जाऊन खालीच राहिला असता. आमच्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त, त्यामुळे ते विरघळूनच राहतं. पाणी गोड आणि मऊ लागतं याचा अभिमान होता, त्याची ही दुसरी बाजू.

अहवाल आला त्या दिवसापासून मी बोअरचं पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी बंद केलं. शेजाऱ्यांची जुनी उघडी विहीर आहे, फार खोल नाही. तिचं पाणी तपासलं तर ०.६. वरच्या थरातल्या पाण्यात फ्लोराइड बऱ्याचदा कमी असतं, पण ते गृहीत धरू नका, तपासाच. त्या पाण्यात जंतू होते, म्हणून उकळून घेत होतो. आंघोळ, धुणी, भांडी याला बोअरचं पाणी चालतं, कारण फ्लोराइड कातडीतून फारसं आत जात नाही. घरातल्या सगळ्यांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज वीस लिटर लागतं. दोन कळश्या सकाळी, एक संध्याकाळी. नवरा आणि मी आळीपाळीने आणत होतो. उन्हाळ्यात ती विहीर आटते हे माहीत होतं. म्हणजे हातात तीन महिने होते.

या दिवसांत सल्ले पुष्कळ मिळाले. पाणी उकळा, हा सगळ्यांत जास्त वेळा. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, उलट वाफ उडून गेल्यामुळे राहिलेल्या पाण्यात ते किंचित वाढतंच. आमच्याकडे मेणबत्तीचा फिल्टर होता, त्यातून गाळलेल्या पाण्याचा आकडा ३.३ आला. साधा कोळसा आणि अतिनील दिवा यांचाही इथे उपयोग नाही. तुळशीची पानं टाका असंही एकीने कळवळून सांगितलं. आपल्या पाण्यात, आपल्या आकड्यावर ते चालतं का हे मोजून दाखवणारं कोणी भेटेपर्यंत दोन वर्षांच्या मुलाला ते पाणी द्यायची माझी तयारी नव्हती. आरओ यंत्राने मात्र फ्लोराइड खरोखर जातं, यात शंका नाही. आम्ही ते घेतलं नाही, कारण गाळलेल्या पाण्याहून जास्त पाणी वाया जातं, उन्हाळ्यात आमचा बोअर जेमतेम चालतो आणि वीज तासन् तास नसते. ज्यांच्याकडे पाणी आणि वीज दोन्ही आहे त्यांनी त्याचा विचार जरूर करावा.

मी आधी नालगोंडा पद्धत करून पाहायची ठरवली. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ती सत्तरच्या दशकात विकसित केली. तेलंगणातला नालगोंडा जिल्हा फ्लोराइडच्या त्रासासाठी फार पूर्वीपासून ओळखला जातो, त्यावरून हे नाव. साहित्य घरगुतीच: तुरटी, चुना आणि जंतूंसाठी चिमूटभर ब्लीचिंग पावडर. बादलीला तळापासून चार बोटं वर तोटी बसवून घेतली, म्हणजे खाली बसलेला गाळ न हलवता वरचं पाणी काढता येतं.

१० फेब्रुवारीला पहिली बादली केली. वीस लिटर पाण्यात आधी चुना आणि ब्लीचिंग पावडर कालवली, मग तुरटीचं पाणी ओतून मिनिटभर जोरात घुसळलं. नंतर दहा मिनिटं लाकडी पट्टीने हळूहळू ढवळत राहायचं. ही दहा मिनिटं मी अजून विसरले नाही. पहिली तीन-चार मिनिटं पाणी नुसतं धूसर दिसतं. मग त्या धूसरपणात दाणे धरू लागतात, बघता बघता त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि पट्टीच्या मागोमाग सावकाश फिरतात. हात थांबवला की ते आपल्या वजनाने खाली उतरायला लागतात. तासाभराने वर नितळ पाणी, खाली दोन बोटं मऊ पांढरा गाळ. फ्लोराइड त्या पुंजक्यांना चिकटून खाली बसतं. जोरात ढवळलं तर पुंजके फुटतात आणि मेहनत वाया जाते. मुलगी शेजारी बसून मिनिटं मोजायची.

पहिल्या बादलीचा आकडा मात्र २.३ आला. प्रमाण नालगोंडा पद्धतीच्या तक्त्याबरहुकूम होतं, वजनही काट्यावर केलेलं. आठवडाभर मी डोकं धरून बसले. उत्तर प्रयोगशाळेतल्या त्याच रसायनतज्ज्ञांनी दिलं. तक्त्यातली तुरटी म्हणजे पाणीपुरवठा केंद्रात वापरतात ते अल्युमिनियम सल्फेट. मी वापरत होते ती घरातली स्फटिकासारखी पारदर्शक तुरटी, म्हणजे पोटॅशवाली. काम करतं ते तुरटीतलं अल्युमिनियम, आणि पोटॅशच्या तुरटीत ते वजनाच्या पावणेसहा टक्क्यांच्या आसपास असतं, तर दुसरीत साडेआठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दीडपट टाकायला हवी. वीस लिटरला नऊ ग्रॅमऐवजी चौदा ग्रॅम टाकली आणि आकडा १.२ वर आला. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या भागाइतका. हे प्रमाण आमच्या पाण्याचं आहे, तुमच्या फ्लोराइड आणि क्षारतेप्रमाणे ते बदलेल. रोज तुरटी मोजत बसू नका. शंभर ग्रॅम तुरटीचं एक लिटर द्रावण करून ठेवा, मग त्याच्या दर दहा मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम येते आणि औषधाच्या मापाने काम भागतं.

घरी मोजायला मी रंगाची चाचणी असलेला संच आणला होता. त्यातलं द्रावण गुलाबी राहिलं तर फ्लोराइड कमी, पिवळ्याकडे झुकलं तर जास्त. तुरटीच्या पाण्याबाबतीत त्यावर एकट्यावर विसंबू नका. पाण्यात विरघळलेलं अल्युमिनियम उरलं असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं आणि रंगात ते असल्याहून कमी दिसू शकतं. आमच्या संचाने १.० पेक्षा कमी दाखवलेलं पाणी प्रयोगशाळेतल्या फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर १.२ निघालं होतं.

पाच आठवडे आम्ही हे केलं. साहित्याचा खर्च इतका कमी की हिशेबात धरावा असा नाही. पण रोजचा दीड तास जात होता, पाण्याला किंचित तुरट चव होती आणि एखाद्या दिवशी घाई झाली की पाण्यात उरलेल्या अल्युमिनियमची काळजी वाटायची. गाळाचंही होतं. तो परसात, विहिरीपासून लांब, खड्ड्यात टाकत होतो. गावासाठी, जिथे एक माणूस हेच काम करायला नेमलेला आहे आणि तपासणी ठरलेली आहे, तिथे ही पद्धत मला चांगली वाटते. लहान मुलं असलेल्या घरात ती रोज न चुकता होणं कठीण आहे, आणि चुकलेल्या दिवशी ते पाणी मूलच पिणार.

म्हणून मार्चच्या मध्यावर सक्रिय अल्युमिना मागवलं. हे पांढरे, ज्वारीहून बारीक, सच्छिद्र दाणे असतात आणि फ्लोराइड त्यांच्या पृष्ठभागाला धरून राहतं. हाडांचा कोळसाही असंच काम करतो, केनिया आणि टांझानियात तो घरगुती फिल्टरांत वापरला गेला आहे. पण आमच्या घरात हाडांतून गाळलेलं पाणी कोणी प्यायलं नसतं, म्हणून तो विचार तिथेच संपला. अल्युमिना यायला सोळा दिवस लागले. तीन किलो दाणे, दोन बादल्या, एक तोटी आणि भोकांची प्लास्टिकची चकती, सगळं मिळून आरओ यंत्राच्या पाव किमतीतही बसलं.

४ एप्रिलला सगळं जोडलं. दाणे आधी धुवावे लागतात. पहिल्या पाण्याला दुधासारखी पूड येते, ती थांबेपर्यंत आम्ही अकरा वेळा पाणी बदललं. वरच्या बादलीत चकती, त्यावर कापड, त्यावर दाण्यांचा थर. सगळ्यांत महत्त्वाचा भाग पाणी उतरण्याचा वेग. ताशी दहा लिटरच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे दोनशे मिलिलिटरचा पेला भरायला सव्वा मिनिट लागलं पाहिजे. मी तोटीवर रंगाने खूण केली आहे आणि पेला-घड्याळ घेऊन दर आठवड्याला तपासते. पहिल्या दिवशी नवऱ्याने बादली लवकर भरावी म्हणून तोटी पूर्ण सोडली होती, तेव्हा आकडा १.६ आला. हळू केल्यावर ०.३. तेच दाणे, तेच पाणी.

०.३ चा कागद हातात आला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून तो दोनदा वाचला. त्या रात्री धाकट्याला बोअरचंच, पण गाळलेलं पाणी पाजलं.

दाणे कायम पुरत नाहीत, हे आधीच मनाशी पक्कं करा. ते भरत जातात आणि चवीवरून, दिसण्यावरून काही कळत नाही. मी दर पंधरा दिवसांनी घरच्या संचाने मोजून वहीत लिहीत गेले. मे अखेरपर्यंत ०.४ च्या आत, १० जूनला ०.५, २५ जूनला ०.८, ५ जुलैला १.१. वीस लिटर रोज धरले तर अठराशे लिटरच्या वर पाणी निघालं होतं. १.० ओलांडलं की थांबायचं असं आधीच ठरवलं होतं.

दाणे पुन्हा ताजे करायला त्यांना आठ तास एक टक्का कॉस्टिक सोड्यात ठेवतात, धुतात, मग सौम्य गंधकाम्लात ठेवतात आणि सामू सातच्या आसपास येईपर्यंत पुन्हा धुतात. ऐकायला सोपं आहे, पण दोन्ही रसायनं भाजतात. हे मी एकटीने केलं नाही. रसायनशास्त्र शिकवणारे एक स्नेही आहेत, ९ जुलैला त्यांच्याबरोबर केलं. मुलांना त्या दिवशी मावशीकडे पाठवलं. हातमोजे, चष्मा, प्लास्टिकचीच बादली. अल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक सोडा त्याला खातो. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. दाणे कापडी पिशवीत बांधले तर बुडवणं-उचलणं सोपं जातं. उरलेल्या सोड्याच्या पाण्यात आपण महिनोन् महिने साठवलेलं सगळं फ्लोराइड उतरलेलं असतं, ते झाडांना किंवा गटारात टाकू नका. आम्ही दोन्ही पाणी एकमेकांत हळूहळू मिसळून, चुना घालून निवळवलं आणि गाळ वेगळा काढून सिमेंटमध्ये कालवला. मदतीला जाणकार माणूस नसेल तर ताजे करण्याच्या भानगडीत पडू नका, दाणे नवे आणा. खर्च वाढेल, पण डोळे सुरक्षित राहतील.

तोवर पाऊस सुरू झाला होता. एप्रिलमध्येच छपराला पन्हळ आणि हजार लिटरची टाकी जोडून ठेवली होती. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून दिलं, छप्पर धुतलं गेलं, मग टाकीत घेतलं. त्यात फ्लोराइड संचावर दिसतच नाही. जंतूंसाठी उकळायचं, एवढंच. हजार लिटर म्हणजे आमचे पन्नास दिवस. पाऊस चालू असेपर्यंत टाकी पुन्हा पुन्हा भरते, तेवढे दिवस दाण्यांना विश्रांती. आधी सुचलं असतं तर मी सुरुवातच इथून केली असती. ज्यांच्याकडे छप्पर आहे आणि थोडी जागा आहे त्यांनी आधी टाकीचा विचार करावा, कारण यात मोजायचं सगळ्यांत कमी आणि चुकायचंही सगळ्यांत कमी.

सासऱ्यांचे गुडघे आणि पाठ आखडते, त्याबद्दलही डॉक्टरांना विचारलं. फ्लोराइड वर्षानुवर्षं जास्त गेलं तर हाडांवर परिणाम होतो, पण वयाच्या त्रासातून तो वेगळा काढणं सोपं नाही, असं ते म्हणाले. क्ष-किरण काढून ठेवले आहेत. पाणी मात्र त्यांचंही बदललं. पूर्वी ते दिवसभर बोअरच्या पाण्याचा काळा चहा पीत, त्यातही एक भर होती, कारण चहाच्या पत्तीत मुळातच फ्लोराइड असतं.

आता ऑक्टोबर आहे. टाकीत अजून तीनशे लिटर आहे, ते संपलं की दाण्यांची बादली पुन्हा सुरू होईल. ताजे केल्यानंतरचा त्यांचा पहिला आकडा ०.४ आला, आधीच्या ०.३ पेक्षा थोडा जास्त. दर वेळी दाण्यांची ताकद थोडी थोडी कमी होत जाते, असं सांगितलं होतं. वहीच्या पुढच्या पानावर मी तारखांचे रकाने आखून ठेवले आहेत. गेल्या आठवड्यात विहीरवाल्या शेजारीण काकू प्लास्टिकची बाटली घेऊन आल्या, त्यांच्या मुलाने नवीन बोअर पाडला आहे. अर्जाचे सगळे रकाने आम्ही दोघींनी ओट्यावर बसून भरले, खोलीसकट.